पहिल्या खेपेनंतर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
दि. ६ जुलै २०२५

ती. गुरुशांत अण्णांस,
सोमशेखरचा शि. सा. शरणार्थी. वि. वि.

आम्ही इकडे ठीक. महेश्वरीचे गुडघे सोडले तर कुणाची तक्रार नाही, आणि गाडी सोडली तर कसली चिंता नाही. भुवनेश्वरीने फोनवर सांगितलं की तुमचा उजवा कानही आता गेला, आणि मशीन लावलं की नुसती घरघर येते म्हणून तुम्ही ते डबीत घालून ठेवलंय. मी म्हटलं, मोबाईलवर लिहून पाठवतो. तर ती म्हणाली, बाबा म्हणतात काचेवर बोट घासून भावाशी बोलायचं नाही, कागद पाठव म्हणावं. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, चुका पोटात घाला.

अण्णा, चाळीस वर्षं तुम्ही एमआयडीसीतल्या गाड्या कानाने दुरुस्त केल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचात, आणि आम्ही श्वास धरून उभे. आता तुम्ही माढ्यात लेकीकडे, गाडी इथे, आणि मला आवाज कागदावर लिहायचाय. प्रयत्न करतो. सकाळी सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण धरत नाही, हातपंपाने डिझेल ओढलं की मग धरतं. दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकला की मधोमध खालून टण् असा आवाज येतो, देवळातल्या घंटेला चुकून डोकं लागावं तसा. आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते.

यंदाचं आरटीओचं पासिंग वीस नोव्हेंबरला आहे. एजंट म्हणतो, जुन्या गाड्या यंदा बारकाईने बघतायत, नापास झाली तर सरळ भंगारात. एकवीस वर्षांची मालाची गाडी, छप्पन्न वर्षांचा मी. ती गेली तर मला दुसऱ्याच्या गाडीवर कोण बसवणार? आणि तुमच्या हातची गाडी सोडून मला दुसरी चालवताही येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. खरं सांगतो, मला भीती वाटते.

भीमा शिरसाष्टांग म्हणतो. एकवीस वर्षं ह्या गाडीवर वीरभद्रप्पांच्या चादरींच्या गाठी चढवून-उतरवून त्याची पाठ वाकली, पण डाव्या बाजूची सीट त्याने अजून कुणाला दिलेली नाही. काल म्हणाला की मालक, गाडीचं लई वय झालं, आता तिला बी पेन्शन द्या की. मी हसलो, पण जेवण गेलं नाही.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
आपला धाकटा,
सोमशेखर


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

माढा
दि. १२ जुलै २०२५

चि. सोमशेखर यास,
गुरुशांतचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. तीनदा वाचलं. तुझं अक्षर बघून पोस्टमनने विचारलं म्हणे, डॉक्टरचं पत्र आहे का. भुवनेश्वरीने मला ते पाटीवर लिहून दाखवलं आणि पोट धरून हसली.

आता गाडीचं ऐक. सकाळचा त्रास हवेचा आहे. डिझेलच्या पाइपात कुठेतरी हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे उतरतं. टाकीपासून पंपापर्यंत एकेक जोड फडक्याने कोरडा पूस आणि हातपंप मार. जिथे ओल येईल तिथलं तांब्याचं वायसर बदल. पंपवाल्याकडे जाऊ नको, तो पंपच उतरवायला सांगेल. टण् आवाज शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा. त्याला कान लागत नाही. खाली झोप, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पीळ, ढिला लागला की कळलं. ब्रेक उजवीकडे ओढतो म्हणजे दोष डावीकडे आहे. डावं चाक धरत नाही, म्हणून गाडी उजव्याच्या ओढीने जाते. डावा ड्रम उघड, आत तेल गळलेलं दिसेल.

बघ, आवाज लिहिता येतो. घंटेचं तू बरोबर लिहिलंस. वाचताना मला तो ऐकू आला. सोम्या, सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी ऐकू आलं.

इथे माझे दिवस जात नाहीत. लेक, जावई चांगले आहेत, नातू पायाशी लोळतो. पण दारावरून ट्रॅक्टर, टेम्पो जातात ते चित्रातल्यासारखे. मी धूर बघून मनात म्हणतो, ह्याचा नोझल गेला, ह्याचं रिंगचं काम आलं. विचारायला कुणी येत नाही. बहिऱ्या मिस्त्रीला कोण विचारणार? तुझ्या गाडीवाचून मला आता दुसरं काम उरलेलं नाही. म्हणून नापास-भंगार असले शब्द पुन्हा लिहू नको. वीस नोव्हेंबरपर्यंत आपण तिला उभी करू. तू बघ आणि लिही, मी सांगतो, तू कर. माझ्या मनाने करायचं, तुझ्या मनाने नाही. तुझं मन अर्ध्या कामात चहाला जातं.

महेश्वरीस गुडघ्याला शेक द्यायला सांग. भीम्याला म्हणावं, पेन्शन मला पण मिळाली नाही, गाडीला कुठली.

सर्वांनी जपून असा.
तुझा,
गुरुशांत


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
दि. १७ सप्टेंबर २०२५

ती. अण्णांस,
सोमशेखरचा शि. सा. शरणार्थी. वि. वि.

वायसर, क्रॉस, ब्रेक, तिन्ही तुम्ही म्हणाला तसंच निघालं. ऑगस्टात क्लच प्लेट गेली तीही तुमच्या पत्रावरच ओळखली. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही असं लिहिलं होतं, तुम्ही उलट टपाली उत्तर दिलंत. मग रेडिएटरचं पाणी रोज कमी होऊ लागलं, सायलेन्सरातून पांढरा धूर, तर हेड गॅस्केट. तेही केलं. पण अण्णा, एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं. आता मला गाडीखाली झोपायची लाज वाटायला लागली आहे. गल्लीतली माणसं खालून बाहेर आलेल्या चपलांवरून ओळखतात.

परवा पावसात अक्कलकोट रोडवरचा खड्डा दिसला नाही. पुढून डावीकडून काडकन आवाज झाला. उतरून बघतो तर चाकावरच्या कमानीच्या स्प्रिंगमधला सगळ्यांत मोठा पोलादी पाटा मधून तुटलेला, आणि गाडी त्या बाजूला गुडघे टेकल्यासारखी बसलेली. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो. उठावंसं वाटेना. भीम्याने लाकडाचा ठोकळा घालून कशीबशी गाडी वीरभद्रप्पांच्या कारखान्यापर्यंत आणवली. वीरभद्रप्पा चांगला माणूस, पण दसरा-दिवाळीच्या चादरी गोदामात साठल्यात. त्यांनी विचारलं की सोमशेखर, गाडी जमत नसेल तर तसं सांग. त्यात वाईट काही नव्हतं. पण एकवीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

अण्णा, सोडून द्यावंसं वाटतं. तुम्हाला वाईट वाटेल, पण लिहितो. ती नोव्हेंबर बघणार नाही असं मला आतून वाटतं. पाटा कसा बसवायचा ते सविस्तर लिहा. नवीन मागवलाय, पण पावसाने माल अडकलाय म्हणतात.

भीमा यंदा बायकोला, नागूबाईला घेऊन दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार आहे. आदल्या दिवशी संध्याकाळची गाडी आहे. दोघांचे पांढरे कपडे शिवून आलेत. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःहून सुट्टी मागितली. मी दिली.

आपल्या पत्राकडे डोळे लागले आहेत.
आपला,
सोमशेखर


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

माढा
दि. २५ सप्टेंबर २०२५

चि. सोमशेखर यास,
गुरुशांतचे आशीर्वाद.

सीना नदीला पूर आलाय, खालच्या गावांचे फार हाल आहेत. आम्ही गावात सुखरूप. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र जावईबापूंच्या हाती पाठवतोय.

आधी तुझं रडगाणं. सोडून द्यावंसं वाटतं म्हणे. सोडून देऊन काय करशील, माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसशील? इथे एकच खुर्ची आहे.

पाटा असा बसव. गाडी जॅकवर घे, एका जॅकवर विसंबू नको, खाली ठोकळे लाव. पाट्यांची थप्पी सरळ लाव, मधला बोल्ट त्याच्या खड्ड्यात बरोबर बसला पाहिजे. मग पाटे ॲक्सलला बांधणारे दोन्ही यू-बोल्ट चढवून चारी नट फुलीसारखे, समोरासमोर, थोडे थोडे आवळ. उजव्या बाजूचेही ढिले करून नव्याने आवळ, म्हणजे दोन्ही सारखे राहतील.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नवा पाटा पहिल्या वजनाखाली दबतो, बसतो. मग कितीही आवळलेले नट ढिले पडतात. पहिली खेप टाकून आलास की दुसरी भरायच्या आधी चोवीस नंबरचा पाना घे आणि सगळे नट पुन्हा आवळ. हे चुकलं तर ॲक्सल जागचा सरकतो. मग स्टेअरिंग तुझ्या हातात राहत नाही.

दुसरं, नवमी जवळ आली. आप्पांचा, आपल्या बापाचा नेम मोडू नको. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन, विभूती लावून पाटावर मांड. एकदा पूजेला बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकालाही हात लावायचा नाही, जगबुडी आली तरी. आप्पांनी लावला नाही, मी लावला नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांना निजू दे. गाडीलाही हार घाल, लिंबू बांध.

मनात धीर धर. मी आहे.
तुझा,
गुरुशांत


सोलापूर
दि. १० ऑक्टोबर २०२५

ती. भावजींस,
महेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण तुम्ही दवाखान्यात दोन दिवस येऊन बसलात आणि तुम्हाला कुणी नीट काही सांगितलं नाही. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि तुम्ही एकाकडून दुसऱ्याकडे बघत होतात. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ह्यांनी तर भिंतीकडे तोंड केलं ते तुम्ही जाईपर्यंत वळवलं नाही. म्हणून काय झालं ते लिहिते.

पाटा मंगळवारी संध्याकाळी आला. ह्यांनी आणि भीमाभाऊंनी तो लगेच बसवला, तुमचं पत्र समोर ठेवून, एकेक ओळ वाचून. बुधवारी नवमी. सकाळी हत्यारं पूजेला मांडली, गाडीला हार घातला. मला वाटलं आज घरीच थांबतील. पण वीरभद्रप्पांचा फोन आला की दोनच खेपा आहेत, नव्या पेठेतला व्यापारी सणासाठी थांबलाय. हे म्हणाले की हत्यारं निजली आहेत, गाडीची तर पूजा झाली, ती धावायला मोकळी आहे.

पहिली खेप नीट झाली. दुसरी भरून निघाले तेव्हा चार वाजत आले होते. एमआयडीसीच्या वळणावर गाडी एकदम डावीकडे गेली. ह्यांनी स्टेअरिंग ओढलं, ब्रेक मारला, पण गाडी ऐकेना. लिंबाच्या झाडावर डावी बाजू आदळली. ह्यांचा उजवा हात मनगटात मोडला. भीमाभाऊंचं तुम्हाला ठाऊक आहे. दसऱ्याचा दिवस त्यांनी काढला. शुक्रवारी सकाळी गेले. नागूबाईने नागपूरसाठी शिवलेले पांढरे कपडे त्यांना घातले.

पोलिसांनी ह्यांच्यावर गुन्हा नोंदवलाय. गाडी तपासायला आरटीओचे साहेब आले होते. ब्रेक चांगले, स्टेअरिंग चांगलं, इंजिन चांगलं असं लिहिलं. फक्त पाट्याचे नट ढिले. पंधरा मिनिटांचं काम होतं असं ते म्हणाले. त्यांना काय, त्यांनी सहज म्हटलं.

हे जेवत नाहीत. तुम्ही काही लिहिलंत तर वाचतील.
आपली,
महेश्वरी


माढा
दि. १४ ऑक्टोबर २०२५

चि. सोमशेखर यास,
आशीर्वाद.

महेश्वरीचं पत्र वाचलं. माझ्या पत्राची नक्कल माझ्याकडे नाही, पण मला ते शब्दन् शब्द पाठ आहे. एकाच कागदावर मी दोन हुकूम लिहिले. पहिल्या खेपेनंतर नट आवळ. नवमीला पान्याला हात लावू नको, जगबुडी आली तरी. दोन्ही एकाच दिवशी येतील हे माझ्या ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून मिरवलो आणि कोणता हुकूम मोठा, एवढं लिहायचं राहिलं.

आणि तुझ्या मनाने करायचं नाही, हेही मीच लिहिलं होतं. तुला लहानपणापासून मीच असा केला. मी सांगावं आणि तू करावं. तू विचार करायला लागलास की मी हसायचो. सोम्या, भीम्याला तू मारलं नाहीस. त्याला माझ्या पत्राने मारलं. पोलिसांना हे पत्र दाखव. मी सोलापूरला येऊन जबाब देतो. बहिरा असलो तरी सही येते.

आप्पा असते तर त्यांनी पूजेतला पाना उचलला असता का, हे मी रोज त्यांच्या फोटोला विचारतो. मला वाटतं उचलला असता. नेम मी त्यांच्याहून कडक केला, कारण कामाची मला घमेंड होती.

पोलिसांकडून गाडी सुटली तर भंगारात देऊन टाक. मला तिचं तोंड बघायचं नाही. तू मात्र जेव.

तुझा अपराधी,
गुरुशांत


सोलापूर
दि. १६ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
सोमशेखरचा शि. सा. शरणार्थी.

प्लास्टर काढलं. बोटं अजून वळत नाहीत, म्हणून अक्षर आणखी वाईट. पोलिसांनी गाडी सोडली, ती वीरभद्रप्पांच्या आवारात उभी आहे. वीस तारखेचं पासिंग मी जाऊ देणार आहे.

तुमचं पत्र महिनाभर उशाखाली होतं. तुम्ही सगळा दोष अंगावर घेतलात आणि मी गप्प बसून तो घेऊ दिला, कारण मला ते सोयीचं होतं. आज खरं लिहितो. हे महेश्वरीलाही माहीत नाही.

पहिली खेप टाकून आलो तेव्हा स्टेअरिंग डावीकडे जात होतं. मी खाली वाकलो आणि नटाला बोट लावलं. अण्णा, नट बोटाने फिरला. मला सगळं कळलं. भीमाही बघत होता. तो म्हणाला की मालक, तुमचा पाना देवापुढं बसलाय, माझा न्हाय की. आमच्यात ही पूजा न्हाय. मागावर होतो तवाचा चोवीसचा पाना घरी हाय, सायकलवर जाऊन धा मिनटात आणतो.

मी नको म्हटलं. मी म्हटलं की पाना कुणाचाही असो, आज आपल्या गाडीला लागला की नेम मोडलाच. एक खेप तर आहे, हळू जाऊ, उद्या सकाळी आवळू. हे मी त्याला सांगितलं. दुसरंही काही माझ्या मनात आलं होतं का? हार घातलेल्या, विभूती लावलेल्या गाडीला त्याच्या घरचा पाना नको, असं? एकवीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. महिनाभर मी हे स्वतःला विचारतोय. उत्तर येतं, पण ते हाताने लिहवत नाही. आपण स्वतःला जात न मानणाऱ्या शरणांचे म्हणवतो.

भीमा बरं म्हणाला. गाठी चढवून झाल्यावर पाणी पिऊन येतो म्हणून सायकलवर गेला आणि लगेच आला. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन डाव्या सीटवर बसला. मी काही विचारलं नाही. त्याला संध्याकाळची गाडी धरायची होती, मला घाई होती.

गेल्या रविवारी मी नागूबाईकडे गेलो. दवाखान्याने दिलेली त्याची पिशवी तिने नुकतीच उघडली होती. तिने फडक्यात गुंडाळलेला पाना माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं की ह्यो तर आमच्या घरचा, ह्यो त्यांच्या डब्यात कशापायी आला? मी तो एका दिवसासाठी मागून घेतला आणि तसाच वीरभद्रप्पांच्या आवारात गेलो. डावी बाजू तर उरलीच नाही. उजव्या बाजूचे नट शाबूत आहेत, तेही ढिले. डाव्या हाताने पाना लावला. तो घट्ट बसला. नट दीड फेरा फिरला आणि थांबला. एवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाना परत घेऊन गेलो आणि तिला सगळं सांगितलं. त्याने विचारलेलं, मी नको म्हटलेलं, सगळं. तिने रडावं, मला हाकलावं असं वाटत होतं. तिने पाना हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. मग तिने विचारलं की पाना पिशवीत हुता, तर मग त्यांनी लावला का न्हाई? मी म्हटलं, मी नको म्हटलं होतं. त्यावर तिने मान हलवली आणि म्हणाली की व्हय, तुमी नको म्हणला म्हंजे ते कसं लावतील.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने पाना फडक्यात गुंडाळून आत नेला आणि येताना माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तो प्यालो.

आशीर्वाद लिहू नका, नुसतं उत्तर लिहा.

सोमशेखर